आमच्या शेतामागेच पडलं

आकाशात काही विचित्र दिसायची वेळ झाली की माणसं नेमकी जेवत असतात, निदान जेवणाच्या तयारीत तरी असतात. हात खरकटे, मोबाईल आतल्या खोलीत चार्जिंगला, चष्मा पेपरखाली, आणि वर जे काही घडायचं ते मिनिटा-दीड मिनिटात घडून मोकळं. त्यानंतर चर्चा सुरू होते. तिला मात्र कसलीच घाई नसते. मी पाहिलेल्या एका प्रकाशाची चर्चा अजून चालू आहे. तो प्रकाश ज्या वस्तूचा होता ती सापडली, मोजली गेली, पोलीस ठाण्यात जमा झाली, तरीही चालू आहे.

२ एप्रिल २०२२. गुढीपाडवा. शके १९४४, शुभकृत् नाम संवत्सराचा पहिला दिवस. दोन वर्षं नाकातोंडावर बसलेला मास्क सरकारने त्याच सुमाराला ऐच्छिक केला होता, त्यामुळे सकाळच्या शोभायात्रेत लोक एकमेकांचे चेहरे नव्याने ओळखत फिरले होते. दुपारी श्रीखंड झालं होतं. सूर्यास्ताला गुढ्या उतरल्या होत्या आणि साखरेच्या गाठी पोरांनी दाताखाली घेतल्या होत्या. पुण्यात गुजरात आणि दिल्लीचा आयपीएल सामना नुकताच सुरू झाला होता, म्हणजे घरोघरचे कर्ते पुरुष छपराखाली होते. पाडवा अमावास्येला लागूनच येतो, तेव्हा वर चंद्राची लुडबुड नव्हती. अशा रिकाम्या, काळ्याभोर आकाशात पावणेआठच्या सुमारास वायव्येकडून जळत्या ठिपक्यांची एक रांग निघाली आणि गुजरात, मध्य प्रदेश, खानदेश, वऱ्हाड करत चंद्रपूरकडे गेली. जळगावला दिसली, बुलढाण्याला दिसली, अकोला, वर्धा, नागपूर, सगळीकडे दिसली. आणि जिथे दिसली तिथे ती 'अगदी आपल्या डोक्यावरून' गेली.

एप्रिलातल्या संध्याकाळी नागपूरकर गच्चीवर का जातो हे विचारायचं नसतं. तो घरात कसा बसतो हे विचारायचं. आमच्या इमारतीच्या गच्चीवर पाणी शिंपडून झालं होतं, सतरंज्या पडल्या होत्या, कोणाच्या घरी किती श्रीखंड उरलंय याची विचारपूस चालू होती. तेवढ्यात पाण्याच्या टाकीवर चढलेला एक पोरगा ओरडला, "पाय पाय पाय! काय होय बे ते!" टाकीवर चढतो म्हणून त्याला रोज रागावणारी त्याची आई दुसऱ्या क्षणाला त्याच टाकीच्या शिडीवर होती.

मला जे दिसलं ते असं. पिवळसर-तांबूस काही ठिपके, प्रत्येकाला लांब शेपूट. सगळे एका दिशेने, एका चालीने, एकमेकांना न ओलांडता आणि अजिबात आवाज न करता चाललेले. नागपूरच्या कुठल्याही चौकात एवढी शिस्त मी पाहिलेली नाही. थोड्या वेळाने ते समोरच्या इमारतीमागे गेले. संपलं.

म्हणजे आकाशातलं संपलं. गच्चीवरचं आता कुठे सुरू होत होतं.

पहिलं मत दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचं पडलं. काका बँकेतून निवृत्त झालेत, आणि तेव्हापासून त्यांनी देशातल्या सगळ्याच खात्यांचा कारभार पाहायला घेतलाय. "इमान जळून राह्यलं," ते म्हणाले. विमान असतं तर आवाज आला नसता का, असं कोणीतरी विचारलं. "आवाज मांगून येते. पयले वीज, मंग गडगडाट." आम्ही सगळे गडगडाटाची वाट पाहत गप्प उभे राहिलो. तो आला नाही, तेव्हा काकांनी त्याचा ठपका वाऱ्याच्या दिशेवर ठेवला.

इंजिनिअरिंगच्या एका मुलाने मिसाईलचं मत मांडलं. युक्रेनचं युद्ध तेव्हा दुसऱ्या महिन्यात होतं आणि प्रत्येक घरात किमान एक संरक्षणतज्ज्ञ तयार झालेला होता. पण तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी इतक्या लांब जायची गरज नाही हे दाखवून दिलं. महिनाही झाला नव्हता, ९ मार्चला देखभाल चालू असताना आपलं एक क्षेपणास्त्र चुकून सुटलं होतं आणि थेट पाकिस्तानातल्या मियां चन्नूजवळ जाऊन पडलं होतं. सरकारने त्याबद्दल रीतसर खेदही व्यक्त केला होता. "त्यायनं वापस केलं असन," वहिनी म्हणाल्या. वहिनींच्या घरी आलेलं कोणाचंही पातेलं रिकामं परत जात नाही. आपलं क्षेपणास्त्र तिकडे गेलं ते स्फोटकांशिवाय, रिकामंच गेलं होतं. हे मात्र चांगलं भरून आल्यासारखं दिसत होतं.

एका आजींनी कोणाशीही वाद न घालता हात जोडले. "संवत्सराचं नावच शुभकृत् हाय. वाईट कसं असन?" इतक्या जणांत लेखी पुरावा देणाऱ्या त्या एकट्याच.

माझे मेहुणे त्या वेळी खाली आमच्याच घरात सामना बघत होते. मी गच्चीवरून फोन केला. ते म्हणाले, "थांब, एवढी ओव्हर होऊन जाऊ दे." ओव्हर झाली तेव्हा आकाश पुन्हा जसंच्या तसं काळं होतं. या मेहुण्यांना लक्षात ठेवा.

रात्रभर व्हिडिओ येत राहिले. प्रत्येक व्हिडिओ उभा, प्रत्येकात अंधार, अंधारात एक थरथरता ठिपका, मग अचानक कोणाचा तरी कोपर, मग कुत्रा, आणि शेवटपर्यंत "अरे दिसून राह्यलं का? झूम कर ना बे" असा आवाज. चित्रापेक्षा आवाजाचा पुरावा जास्त भक्कम होता. झूम केल्यावर ठिपक्याचा मोठा आणि धूसर ठिपका होतो. तो तसा झाला की मग त्याला आकार येतो, खिडक्या येतात, आणि सकाळपर्यंत कोणाला तरी त्या खिडकीत कोणीतरी बसलेलंही दिसतं. एका नातेवाइकांच्या गटावर एकच व्हिडिओ जळगावचा म्हणून आला, दुपारी अकोल्याचा म्हणून आला आणि संध्याकाळी गुजरातचा म्हणून. त्या ठिपक्यांनी आकाशात जेवढा प्रवास केला त्याहून जास्त व्हॉट्सअॅपवर केला.

पण मला सगळ्यात जास्त नवल वाटलं ते पडण्याच्या जागेचं. वर्ध्याच्या माझ्या मावशीने सांगितलं, आमच्या शेतामागेच पडलं. खामगावच्या मित्राने सांगितलं, शेगावच्या रस्त्याला पडलं, धूरसुद्धा दिसला. खोटं कोणी बोलत नव्हतं. माणसाच्या दोन डोळ्यांना अंतराचा अंदाज थोड्या लांबीपर्यंतच येतो. त्यापलीकडे आपण वस्तूच्या ओळखीच्या आकारावरून अंतर ठरवतो. म्हैस केवढी असते हे माहीत असतं, म्हणून ती किती लांब आहे ते कळतं. अंधारातल्या ठिपक्याला आकारच नसतो. तेव्हा जमिनीपासून सुमारे ८० किलोमीटर उंचीवर जळणारी वस्तू कडुनिंबाच्या शेंड्यावरून चाललेली वाटते. एवढ्या उंचीवरचं काही कित्येक शे किलोमीटरवरून दिसतं, पुढे जाताना क्षितिजाकडे उतरताना भासतं, आणि शेवटी बघणाऱ्याच्या समोर जे झाड, जी टेकडी, जी पाण्याची टाकी असेल तिच्यामागे जातं. त्या रात्री ते तीन राज्यांत मिळून जितक्या शेतांमागे पडलं तितकी शेतं सातबाऱ्यावरही नसतील.

यात फक्त बुलढाणेकरांचं मी समजू शकतो. त्यांच्या जिल्ह्यात एकदा खरोखरच पडलेलं आहे, आणि लोणारला त्याचा सुमारे १.८ किलोमीटर रुंद पुरावा आहे. काळ्या पाषाणात एवढा खड्डा पाडून कोणी गेलं असेल तर माणसाने वर बघताना थोडं जपूनच बघावं.

एका गावात मात्र ते खरंच शेजारी पडलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी नावाचं गाव आहे. पाडव्यानिमित्त गावात सार्वजनिक जेवणाची तयारी चालू होती. आकाश लाल झालं आणि गावातल्या मोकळ्या जागेवर धाडकन एक धातूचं कडं येऊन पडलं: व्यास सुमारे तीन मीटर, वजन चाळीस किलोच्या आसपास. लोक घरात पळाले आणि अर्धा तास बाहेर आले नाहीत. कोणाला इजा झाली नाही, घर पडलं नाही, गुरं दगावली नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याच तालुक्यातल्या पवनपारला एक धातूचा गोळा सापडला. हे सगळं सिंदेवाही पोलीस ठाण्यात जमा झालं.

त्या पंचनाम्याची मी पुष्कळदा कल्पना केली आहे. छापील नमुन्यात सगळं असतं: वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, ताबा कोणाकडे, आणि 'सदर वस्तू कोठून आणली'. त्या शेवटच्या रकान्यापुढे पेन धरून बसलेला हवालदार माझ्या डोळ्यासमोर येतो. त्याने काय लिहावं? 'वरून' असं लिहिलं तर साहेब विचारणार, वरून म्हणजे कोणाकडून. सरकारी भाषेत 'वरून' फक्त आदेश येतात.

शिवाय लाडबोरीकरांची वेगळीच पंचाईत झाली असणार. सगळा महाराष्ट्र 'आमच्या शेतामागे पडलं' म्हणत असताना ज्यांच्याकडे खरंच पडलं त्यांनी ते सांगायचं कोणाला? पाहुण्यांना फोन केला तर पाहुणे म्हणणार, हो, आमच्याकडेही.

शास्त्रज्ञांनी शोध सुरू केला तेव्हा पहिला संशय न्यूझीलंडवर गेला, कारण त्याच संध्याकाळी तिथून एक इलेक्ट्रॉन रॉकेट उडालं होतं. मग बोट चीनकडे वळलं. अमेरिकेतल्या हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्रात तेव्हा जोनाथन मॅकडॉवेल नावाचे एक खगोलशास्त्रज्ञ होते. जगात कोणतं रॉकेट कधी उडालं आणि त्याचा कोणता तुकडा अजून वर फिरतोय याचा हिशेब ते वर्षानुवर्षं ठेवतात. लग्नाच्या आहेराची वही इतक्या काटेकोरपणे ठेवणाऱ्या एक-दोन आत्या मला माहीत आहेत. बाकी हे कोणाला जमणारं नाही. मॅकडॉवेल म्हणाले, हा २०२१ च्या फेब्रुवारीत उडालेल्या चांग झेंग ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा दिसतो. बंगळुरूहून इस्रोचं पथक सिंदेवाहीला येऊन तुकडे तपासून गेलं.

म्हणजे झालं होतं ते एवढंच. रॉकेटच्या शेवटच्या टप्प्याने उपग्रह मार्गी लावला आणि तो स्वतः निकामी होऊन वरच फिरत राहिला. वर हवा अगदी विरळ असते, पण तिचाही अडथळा असतोच. दर फेरीला तो टप्पा थोडा थोडा खाली सरकत गेला. चौदाएक महिने पृथ्वीला घिरट्या घालून पाडव्याच्या संध्याकाळी तो दाट हवेत शिरला, तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सात किलोमीटरहून जास्त होता. समोरची हवा दाबली गेली, तापली, टप्पा पेटला, त्याचे तुकडे झाले आणि ते एकामागोमाग एक तसेच पुढे धावत राहिले. बहुतेक भाग जळून जातो. जाड बांधणीच्या टाक्या, मजबूत कडी असलं काही उरतं आणि लाडबोरीला पोहोचतं.

हे उल्कांसारखं दिसतं, पण उल्का नव्हे. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर अशा वेगाने येते. 'ते बघ' एवढं म्हणून होईपर्यंत संपलं तर ती उल्का. शेजाऱ्याला हाक मारून त्याला चप्पल घालून बाहेर यायला वेळ मिळाला तर ते माणसाने वर पाठवलेलं काहीतरी. आणि शेजारी चहा पिऊन आला तरी तिथेच असेल, तर तो शुक्र.

उत्तर मिळालं आणि आमच्या गच्चीवर शोककळा पसरली. "चीनचं होय" हे कळताच जो विनोद कोणालाही सुचेल तो महाराष्ट्रातल्या प्रत्येक माणसाने त्या आठवड्यात स्वतंत्रपणे शोधून काढला आणि तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचला अशा चेहऱ्याने दुसऱ्याला सांगितला. त्यानंतर मात्र लोक हिरमुसले. विमान, क्षेपणास्त्र, परग्रहवासी, शुभशकुन यांत प्रत्येकाची थोडीथोडी गुंतवणूक होती. ती सगळी बुडाली. काका तर म्हणाले, "हे आपल्याले सांगाची गोष्ट होय. खरी येगळीच असन." दुसऱ्या देशाचं रॉकेट वर्षभर डोक्यावर फिरून नेमकं पाडव्याच्या जेवणाच्या वेळी एका गावात कडं टाकून जातं, हे त्यांना पुरेसं चमत्कारिक वाटेना.

वहिनींना व्यवहाराचा प्रश्न पडला: कडं आता कोणाचं? याचं उत्तर आहे, आणि ते आंतरराष्ट्रीय आहे. १९६८ च्या करारानुसार आकाशातून पडलेली वस्तू ज्या देशाची, त्याने मागितली तर परत द्यावी लागते. १९७२ च्या करारानुसार तिने जमिनीवर काही नुकसान केलं तर भरपाई त्या देशाने द्यायची, मग चूक असो वा नसो. तेव्हा सिंदेवाहीच्या तहसील कचेरीतून बीजिंगला नोटीस जाऊ शकली असती. अडचण एवढीच की नुकसान दाखवायचं कोणतं? पंगत उशिरा बसली, भात गार झाला, भजी मऊ पडली. भजी मऊ पडण्याचं नुकसान करारात कुठल्या कलमात बसवायचं, हे बघायला सरकारी वकील लागेल.

असं कोणी केलंच नाही असंही नाही. १९७९ च्या जुलैत अमेरिकेची सुमारे ७७ टनांची स्कायलॅब प्रयोगशाळा खाली आली. ती कोणाच्या डोक्यावर पडणार या धास्तीत आपल्याकडचीही मंडळी होती. तिचे तुकडे पडले पश्चिम ऑस्ट्रेलियात, एस्परन्स नावाच्या गावाच्या परिसरात. एस्परन्सच्या नगर परिषदेने नासाला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलरांची पावती फाडली. नासाने ती भरली नाही. तीस वर्षांनी एका अमेरिकी रेडिओ निवेदकाने श्रोत्यांकडून वर्गणी गोळा करून ते पैसे चुकते केले. पावती फाडणाऱ्याबद्दल मला अपार आदर आहे. समोर कोण आहे हे न बघता नियम लावणारा असा माणूस आमच्या वॉर्डात बदलून आला तर कोपऱ्यावरचा कचरा उचलला जाईल.

माझा एक मित्र आकाशनिरीक्षणाच्या मंडळात आहे. महाराष्ट्राला हा नाद जुना आहे: पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईचं खगोल मंडळ १९८५ पासून. वर्षभर ही मंडळी लोकांनी आकाशाकडे बघावं म्हणून जीव टाकतात आणि कोणी बघत नाही. वर काही हललं की मात्र रात्री अकराला फोन सुरू. मे २०१९ मध्ये पहिले साठ स्टारलिंक उपग्रह एकदम सोडले, तेव्हापासून मित्राला रात्रीची झोप नाही. हे उपग्रह सोडल्यानंतरचे काही दिवस एकामागे एक ओळीने जाताना दिसतात, आणि दिसतात ते बहुतेक सूर्यास्तानंतर दीड-दोन तासांत किंवा पहाटे. आपल्याकडे अंधार झालेला असतो पण तितक्या उंचीवर ऊन असतं, त्या उन्हात ते चमकतात. पृथ्वीच्या सावलीत शिरले की एकेक विझत जातात. म्हणून तर ते जेवणाच्या वेळेला येतात.

मित्र हे फोनवर समजावून सांगतो. पलीकडून प्रश्न येतो, "तुम्ही पाहिलं का?"

"नाही, पण वेळ आणि दिशा जुळतेय."

"म्हणजे पाहिलं नाही. मग तुम्ही कसं सांगता? आम्ही पाहिलंय." आणि फोन ठेवला जातो. लोकांना उत्तर नको असतं, असं मित्राचं म्हणणं. मला वाटतं उत्तर हवं असतं, पण ते 'असं याआधी कधीच घडलेलं नाही' या एकाच वाक्यात बसणारं हवं असतं.

कोकणात आणि गोव्यात ही वणवण नव्हती. रात्री लांब डोंगराच्या अंगाला दिव्यांची रांग हलताना दिसली तर ती वेताळाची पालखी. एकटाच उजेड पाणंदीने चालला असेल तर हातात चूड घेऊन सीमेची राखण करणारा देवचार. कोणाला फोन करायचा नाही, व्हिडिओ तर मुळीच काढायचा नाही. नजर खाली घालून घर गाठायचं आणि सकाळी नारळ ठेवायचा. एका नारळात निदान आणि उपचार दोन्ही. खगोल मंडळ इतक्या स्वस्तात काहीच देत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सामान्य माणसांचं झालं. ज्यांचं कामच पाहण्याचं आहे त्यांची गोष्ट निराळी असेल. लडाखमध्ये आपल्या जवानांनी ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात सरहद्दीवरच्या सरोवराच्या आकाशात अनोळखी उजेडाच्या तब्बल ३२९ नोंदी केल्या. चीनच्या टेहळणी यंत्रांचा संशय होता. अखेर बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतल्या शास्त्रज्ञांना विचारलं. त्यांनी वेळा, दिशा, उंची ताडून पाहिली आणि सांगितलं: एक गुरू, दुसरा शुक्र. मी यावर हसणार नाही. त्या उंचीवरच्या पातळ, कोरड्या हवेत शुक्र टॉर्चसारखा पेटलेला दिसतो, आणि पहारेकऱ्याचं काम संशय घेण्याचंच असतं. शुक्र रोज हद्द ओलांडत होता हे तर खरंच होतं. मला उलट आपल्या घरात बसलेल्यांचं वाटतं. मराठी माणसाची शुक्राशी ओळख भावगीतातून होते, पत्रिकेतून होते, लग्न लांबलं तर फारच जवळून होते. पण संध्याकाळी पश्चिमेला तो प्रत्यक्ष उभा राहिला की पहिला प्रश्न, "ते काय आहे रे? ड्रोन का?"

पाहणं ही गोष्ट लोक समजतात तितकी सोपी नाही. ती आठवायलाही वेळ लागतो. १३ मार्च १९९७ च्या रात्री अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहरावर, उजेडाची रांग दिसली. हजारोंनी पाहिली. लोक फार अस्वस्थ झाले तेव्हा राज्यपाल फाइफ सिमिंग्टन यांनी पत्रकार परिषद बोलावली आणि त्यात स्वतःच्याच एका सहायकाला परग्रहवासीयाचा पोशाख चढवून, हातात बेड्या घालून पत्रकारांसमोर उभं केलं. हशा झाला, विषय मिटला. दहा वर्षांनी, २००७ मध्ये, पदावरून कधीच उतरल्यावर, तेच सिमिंग्टन म्हणाले: त्या रात्री मीही पाहिलं होतं.

सिमिंग्टन यांना दहा वर्षं लागली. माझ्या मेहुण्यांना दिवाळीपर्यंतचा काळ पुरला.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ते "मी खाली होतो, तुमचा फोन आला" असं सांगत होते. अक्षय्य तृतीयेला ते "आम्ही पाहिलं" म्हणू लागले. आम्ही म्हणजे कोण, हे कोणी विचारलं नाही. आषाढीला त्यांनी ठिपके मोजलेले होते. गणपतीत आवाजही आला. माझ्या बहिणीने एकदा मध्येच "तुम्ही तं मॅच पाहून राह्यले होते" असं म्हटलं तेव्हा त्यांनी तिच्याकडे इतक्या दुःखाने पाहिलं की तिने पुन्हा तो विषय काढला नाही. दिवाळीच्या फराळाला त्यांची हकीकत माझ्यापेक्षा सरस झालेली होती आणि गच्चीवरची मंडळी खात्रीसाठी मला सोडून त्यांना विचारू लागली होती. काकांनी तर त्यांना साक्षीला धरून विमानाचं मत पुन्हा वर काढलं.

मग तुळशीचं लग्न झालं, मुहूर्त सुरू झाले, आणि नात्यातल्या एका लग्नात आम्ही एकाच पंगतीला बसलो. मेहुण्यांनी वडाभात कालवता कालवता ती संध्याकाळ सांगायला घेतली. उजवीकडून आलेले गोळे, मधलं मोठं कडं, त्याची गरगर, आणि शेवटचा धमाका. पंगतीतले हात थांबले. समोर बसलेले एक पाहुणे शांतपणे सगळं ऐकत होते. मेहुण्यांचं आटोपल्यावर ते म्हणाले, "आमी सिंदेवाईचे. लाडबोरीतच होतो त्या दिवशी. आमाले तं असं काई दिसलं नाई बा. लाल झालं, धाडकन आवाज आला, आन् आमी घरात पयालो."

मेहुणे क्षणभर थांबले. मग वाढप्याला आणखी भात घालायची खूण केली आणि पाहुण्यांना मायेने म्हणाले, "नाई दिसन भाऊ. तुमी लई जवळ होते ना."